ठेका काढून टाकल्यावर

सोलापुरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपशामक कक्षात मी आठवड्यातून दोन दिवस रुग्णांच्या खाटेशेजारी बसून स्वरमंडळ हे तंतुवाद्य वाजवतो आणि गरज वाटल्यास गातो. याला संगीतोपचार म्हणता येणार नाही. संगीतोपचारक उद्दिष्टे ठरवून रुग्णाला त्या प्रक्रियेत सहभागी करून घेतो. माझ्या समोरच्या रुग्णाने मात्र काहीच करायचे नसते, अगदी दादसुद्धा द्यायची नसते. त्याचा श्वास चालू असतो, तेवढा मला पुरतो.

गड्ड्याची जत्रा नुकतीच सरली होती. त्या दुपारी सिस्टरांनी मला सात नंबरच्या खाटेकडे पाठवले. पूर्व भागातील यंत्रमागावर चाळीस वर्षे टॉवेल आणि चादरी विणलेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ तोंडाच्या कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात होते. दोन दिवस ते बोलले नव्हते, डोळेही उघडले नव्हते. फक्त दोन्ही हातांची बोटे पांघरुणावर सारखी काहीतरी चिमटत होती. मृत्यू जवळ आलेल्या अनेक रुग्णांमध्ये अशी हालचाल दिसते, म्हणून सिस्टरांप्रमाणे मीही ती बेचैनीच समजलो.

मुलगा म्हणाला, "अप्पा भजनी मंडळात टाळ वाजवायचे. एखादा अभंग म्हणा की."

येथे माझी चूक झाली. बरे होऊ घातलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी ओळखीचे गाणे मोलाचे असते. परंतु जाणाऱ्या माणसासमोर असे वाजवणारे आम्ही शक्यतो अनोळखी आणि ठेका नसलेले स्वर ठेवतो, कारण परिचित चाल त्याला पुन्हा इकडच्या आठवणींकडे ओढू शकते. हे ठाऊक असूनही मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून मला नाही म्हणवले नाही आणि मी भजनी ठेक्यात अभंग सुरू केला. दुसऱ्या कडव्यापर्यंत रुग्णाच्या कपाळावर आठ्या उमटल्या, बोटे झपाट्याने चालू लागली आणि मिनिटाला २८ असलेला श्वास ३४ वर गेला.

वडिलांच्या हातांकडे टक लावून पाहणारा मुलगा एकदम म्हणाला, "गाठ मारतायत."

मला काही उमगले नाही. तेव्हा त्याने स्वतःच्या हातांनी करून दाखवले : मागावरच्या ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की डाव्या चिमटीत एक टोक धरायचे, उजव्या चिमटीने दुसरे त्यावर वळवायचे आणि गाठ बसताच पुढचा धागा पाहायचा. अभंगाने त्यांना पुन्हा कामावर उभे केले, असे मी म्हणणार नाही. भजनी ठेका आणि मागाची खटखट यांचे त्यांच्या मनात काय नाते होते, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. मात्र ठोका नियमित चालला होता तोवर त्या हातांना उसंत नव्हती, एवढे मी पाहिले.

मी अभंग सोडला. स्वरमंडळ भूप या पाच स्वरांच्या रागात लावलेले होते. त्या पाच स्वरांत मध्यम आणि निषाद नसल्याने कुठे फारशी ओढ जाणवत नाही. प्रथम त्यांच्या जलद श्वासाबरोबरच तारा छेडल्या, कारण धापा टाकणाऱ्या माणसासमोर एकदम संथ वाजवले तर ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग प्रत्येक उच्छ्वासावर स्वर किंचित लांबवत गेलो आणि हळूहळू लय अशी काही उरलीच नाही. वीसेक मिनिटांनी श्वास २२ वर आला. पुढे तो चढत जाऊन ओसरू लागला आणि मध्येच दहा-बारा सेकंद थांबू लागला. त्या विरामात मीही थांबत होतो. मुलाला रात्रीसाठी मोबाईलवर ध्वनिमुद्रण हवे होते, पण श्वास थांबला की थांबायचे, हे मोबाईलला कसे कळणार?

रुग्णाच्या पत्नीने मुलामार्फत विचारले, त्यांना ऐकू येते का? मी माहीत होते तेवढेच सांगितले : कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अखेरच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदूही आवाजातील बदल टिपत असल्याचे आढळले, मात्र ऐकलेले त्यांना उमगत होते का, हे त्यावरून ठरत नाही. तिने दुसरा अर्धा भाग बहुधा ऐकलाच नाही. ती वाकून त्यांच्या कानाशी तेलुगूत दोन वाक्ये बोलली.

मुलाने मला हळूच सांगितले, "पाळी सुटली म्हणतेय. मागावर दुसरा माणूस आलाय."

बोटे लगेच थांबली नाहीत. आणखी तीन-चार गाठी झाल्या, मग उजवा हात उघडाच राहिला. ते माझ्या स्वरांमुळे झाले की तिच्या बोलण्यामुळे, असे डॉक्टरांनी नंतर विचारले, तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. त्या दुपारी मात्र स्वरमंडळाची चौकट पुसून घेऊन मी नऊ नंबरच्या खाटेकडे वळलो. तिथल्या आजींनी सगळे ऐकले होते आणि त्या जरा रागावूनच म्हणाल्या, "मला तसलं नको. मला ठेक्यातलं पाहिजे."