तुम्ही विचारलंत म्हणून: चौकोनांचे गुणधर्म लक्षात कसे ठेवायचे?

‘आयत, चौरस, समभुज, समांतरभुज, समलंब, पतंग... यांचे इतके गुणधर्म लक्षात ठेवायचे तरी कसे?’ मी गणित शिकवते असं कळलं की हा प्रश्न येतोच. मुलं विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे पालक. माझं उत्तर ठरलेलं आहे: तक्ता पाठ करू नका, कर्ण बघा, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषा.

नुसत्या बाजूंवरून चौकोन ठरतच नाही. सारख्या लांबीच्या चार पट्ट्या टोकांशी स्क्रूने सैलसर जोडून चौरस करा आणि एक कोपरा जरा ढकला. सांगाडा कलतो. बाजू त्याच, पण काटकोन गेले आणि नुसता समभुज चौकोन उरला. आणखी ढकलत गेलात तर क्षेत्रफळ पार शून्याकडे जातं. त्रिकोणाचं असं होत नाही, तीन बाजू ठरल्या की तो ठरला. भास्कराचार्यांनी लीलावतीत हे फार कडक शब्दांत सांगितलं आहे. लंब किंवा कर्ण न देता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा, म्हणतात ते, पिशाच. आणि उत्तर देणारा त्याहून वरचढ! आता त्याच सांगाड्याला समोरासमोरचे कोपरे जोडणारी पाचवी पट्टी मारा. तो कलायचा थांबतो. चौकोन काढायला पाच मापं लागतात ती यासाठीच.

म्हणून मी मुलांना उलटीकडून चालायला सांगते. आधी कर्ण, मग बाजू. दोन काड्या घ्या, एकमेकींवर तिरक्या ठेवा आणि त्यांची टोकं ओळीने जोडा.

दोन्ही काड्या एकमेकींना बरोबर मध्यावर छेदत असतील, तर समांतरभुज चौकोन मिळतो. समोरासमोरचे त्रिकोण बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने एकरूप होतात, व्युत्क्रम कोन सारखे येतात, म्हणून संमुख बाजू समांतर. संमुख बाजू आणि संमुख कोन एकरूप, लगतचे कोन पूरक, हे सगळं तिथूनच निघतं. वेगळं पाठ कशाला करायचं?

आता मध्य तोच ठेवा, फक्त काड्या समान लांबीच्या घ्या. छेदनबिंदूपासून चारही टोकं सारख्या अंतरावर आली, म्हणजे तिथे कंपासचं टोक रोवून काढलेलं वर्तुळ चारही शिरोबिंदूंतून जाणार. प्रत्येक काडी त्या वर्तुळाचा व्यास झाली, आणि अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. झाला आयत! कोन एकदाही मोजला नाही आणि चार काटकोन हातात आले. हे मला आजही तितकंच सुंदर वाटतं.

लांबी कशीही असू दे, पण मध्यावर छेदणाऱ्या काड्या एकमेकींना लंब ठेवल्या तर समभुज चौकोन. दोन्ही अटी एकदम पाळल्या तर चौरस. त्यामुळे ‘चौरस हा आयत आहे का?’ या जोडप्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. आहे, आणि तो समभुज चौकोनही आहे. युक्लिडने मात्र आपल्या व्याख्येत आयतातून चौरस वगळला होता. आजची पद्धत मला जास्त पटते, कारण आयतासाठी एकदा सिद्ध केलेलं प्रमेय चौरसाला आपोआप लागू होतं.

खरा घोळ होतो तो अर्धीच अट धरल्यामुळे. ‘कर्ण समान, म्हणजे आयत’ असं कितीतरी मुलं लिहितात. समद्विभुज समलंब चौकोनाचेही (बाजूंची एकच जोडी समांतर, उरलेल्या दोन बाजू समान) कर्ण समान असतात! ‘कर्ण लंब, म्हणजे समभुज’ हेही तसंच. पतंगाचे कर्णही लंब असतात, पण तिथे एका कर्णाने दुसऱ्याला दुभागलं की पुरे, उलट दुभागलं जाण्याची गरज नसते. मध्यावर छेदण्याची अट सुटली की समांतर बाजूंची हमीही सुटते. समलंब चौकोनात कर्ण एकमेकांना सारख्याच गुणोत्तरात विभागतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी चालेल.

आणि अगदी वेडावाकडा चौकोन असेल तर? त्यालाही कर्ण असतातच. त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू ओळीने जोडा, आत दरवेळी समांतरभुज चौकोन मिळेल. फ्रेंच गणिती व्हारिन्याँच्या नावाने ओळखलं जाणारं हे प्रमेय 1731 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, छापलं गेलं. कारण पुन्हा कर्णच. मध्यबिंदूच्या प्रमेयानुसार आतली प्रत्येक बाजू एकेका कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्मी असते. म्हणून बाहेरचे कर्ण समान असतील तर आत समभुज चौकोन येतो, लंब असतील तर आयत, आणि समान व लंब दोन्ही असतील तर चौरस, मग बाहेरच्या चारही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या असल्या तरी.