वल्हं आणि मी
आज गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा कयाक (वल्ह्यानं चालवायची चिंचोळी होडी) चालवली. पहिली दहा मिनिटं नुसती गोल गोल. किनाऱ्यावर बायको हसून बेजार. शिकवणारा दादा ओरडला, "हातांनी ओढू नका, कमरेतून वळा! पातं पावलांपाशी बुडवा, कमरेपाशी आलं की काढा." आणि चक्क सरळ जायला लागली की! (जिमचे पैसे पाण्यात म्हणायचे.)

काणकोण बेटाच्या कडेनं गेलो. ओहोटीला तिथं चालत जाता येतं, आज पाणी होतं. मधेच वल्हं मांडीवर आडवं ठेवून बसून राहिलो. पात्यावरून थेंब टपकण्याचा आवाज, बाकी काही नाही.

परतताना लाट आडवी घेतली आणि उलटलो. चष्मा समुद्रार्पण.

आता समोर हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) आहे, पण खांदे असे भरलेत की घास तोंडापर्यंत जाईना.