माणसं सोडून जाणार, हे धरूनच जाळं बांधा

ध्रुवीय संशोधनात नव्याने आलेल्यांचं राष्ट्रीय जाळं (नेटवर्क) सुरू करायला पाच-सहा उत्साही पीएचडी विद्यार्थी पुरतात. कस लागतो तो तिसऱ्या वर्षी. तोवर सुरू करणाऱ्यांपैकी कुणाचा प्रबंध सादर झालेला असतो, कुणी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, परदेशी गेलेलं असतं, कुणी क्षेत्रच बदललेलं असतं. इथली गळती हा कुणाचा दोष नाही. नवखेपण कधी ना कधी संपणारच. म्हणून अशा जाळ्याचं पहिलं काम कार्यक्रम घेणं नाही, सूत्रं नीट पुढे सोपवणं हे आहे, असं आमचं ठाम मत आहे.

2007-08 च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या ध्रुवीय संशोधन मोहिमेच्या, सुमारास ‘एपेक्स’ ही तरुण ध्रुवीय संशोधकांची जागतिक संघटना उभी राहिली. आज अनेक देशांत तिच्या राष्ट्रीय समित्या आहेत. पुढचं ध्रुवीय वर्ष 2032-33 मध्ये योजलेलं आहे. त्या मोहिमांत प्रत्यक्ष बर्फावर उतरणारे बरेच जण आज पदवीच्या वर्गात बसलेले असतील. त्यांच्यापर्यंत शिकलेलं पोचवायचं तर मधली साखळी तुटून चालणार नाही.

समिती बनवताना मोसमाचा विचार आधी करा. अंटार्क्टिकाला जाणारे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाताशी नसतात, आर्क्टिकवाले वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत. छावणीत इंटरनेट जेमतेम, त्यामुळे तिथून बैठकीला हजर राहण्याची आशा धरू नये. प्रत्येक जबाबदारीवर एक उत्तरेचा (आर्क्टिकला जाणारा) आणि एक दक्षिणेचा (अंटार्क्टिकाला जाणारा) अशी जोडी असली की काम अडत नाही. मुदत दोन वर्षांची ठेवा आणि दरवर्षी निम्मेच सदस्य बदला. सगळे एकदम बदलले की आधीचं कुणालाच माहीत नसतं. निवड सप्टेंबरअखेर घ्यावी. तेव्हा उत्तरेचे बहुतेक परतलेले असतात, दक्षिणेचे निघायचे असतात. शाळांसाठीचा ‘पोलर वीक’ही मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विषुवदिनांच्या आसपासच येतो, म्हणजे एका जमवाजमवीत दोन्ही कामं होतात.

खाती आणि पासवर्ड कुणाच्याही वैयक्तिक ईमेलवर ठेवू नका. विद्यापीठाचा ईमेल तर नकोच: पदवी मिळाली की काही महिन्यांत तो बंद होतो आणि त्याच्यासोबत संकेतस्थळाचा ताबाही जातो. पदाच्या नावाने पत्ता काढा, किल्ल्या दोघांकडे ठेवा.

पैशाचं दुखणं वेगळंच. नोंदणीकृत संस्था नसेल तर बँक खातं मिळणं अवघड जातं, मग रक्कम एखाद्या संस्थेच्या लेखाविभागातून फिरते. तिथे मंजुरीला आठवडे लागतात आणि वर्षअखेर उरलेला निधी परत जातो. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे ‘आधी तुम्ही भरा, बिलं द्या, नंतर देऊ’. ज्याच्याकडे शिल्लक नाही तो विद्यार्थी तिथेच गळतो, आणि कारण कुणाला सांगतही नाही. तिकीट आणि मुक्काम संस्थेनेच थेट बुक करावा. दहा जणांना अर्धवट मदत करण्यापेक्षा चौघांचा पूर्ण खर्च उचलणं बरं.

मोहिमेआधीची कार्यशाळा मात्र मनापासून घ्या. शोधनिबंध कसा लिहावा यावर व्याख्यानं कुठेही मिळतात; सामान कसं बांधावं हे मात्र जाऊन आलेलाच सांगू शकतो. व्हेल्क्रोच्या पट्ट्यांत आणि बुटांच्या खाचांत अडकलेल्या बिया टाचणीने काढून दाखवा, कारण परकी वनस्पती तिथे पोचू नये म्हणून हीच तपासणी होते. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच जातात आणि 100 वॉट-तासांच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून बॅटरीवरचा आकडा वाचायला शिकवा. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, तेव्हा घरात मोजलेला वेळ बर्फावर मिळत नाही. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंद या संशोधन वस्तीत रेडिओ शांतता पाळतात: 2 ते 32 गिगाहर्ट्झमधलं प्रसारण विनापरवानगी चालत नाही, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. ब्लूटूथवरूनच माहिती देणारा सेन्सर नेला तर तिथे त्याचा उपयोग नाही. केबलने जोडता येणारा घ्या. अंटार्क्टिकासाठी 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार (तिथल्या पर्यावरण-रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) पर्यावरणावरच्या परिणामाचं मूल्यमापन आधी व्हावं लागतं, आणि त्याची कागदपत्रं निघायच्या महिन्यात सुरू करून पुरी होत नाहीत. नमुने परत आणण्याची परवानगी वेगळी, तिचा अर्ज जाण्यापूर्वीच करावा.

मार्गदर्शक जोडताना निवृत्तीला आलेल्या दिग्गजापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेला माणूस जास्त कामी येतो. त्याला आजचे अर्ज, आजचे परीक्षक माहीत असतात. सहा महिन्यांत तीन भेटी ठरवा आणि प्रत्येक भेटीआधी एक प्रश्न लिहून पाठवायला सांगा; नुसतं ‘कधीही बोला’ म्हटलं की पहिल्या भेटीनंतर कुणी बोलत नाही.

एक गोष्ट टाळू नये. छावणीत उपग्रह फोन, वाहन आणि पुढचं शिफारसपत्र हे सगळं बहुधा एकाच वरिष्ठाच्या हातात असतं. त्रास त्याच्याकडूनच झाला तर विद्यार्थ्याने सांगायचं कुणाला? त्या गटाबाहेरच्या दोन व्यक्तींची नावं आणि नंबर निघण्यापूर्वी प्रत्येकाकडे कागदावर असावेत. चौकशी करणं हे जाळ्याचं काम नाही, त्याला ते अधिकारही नसतात. ऐकून घेणं आणि तक्रार योग्य समितीकडे पोचवायला सोबत करणं एवढंच त्या दोघांनी करावं, आणि विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय काहीही पुढे पाठवू नये.