पट कसा लागला ते कुठाय?

गावच्या दूध संस्थेत मी हिशेब लिहिते. संध्याकाळचं संकलन आटोपलं, घरातली कामं उरकली की मग लॅपटॉप उघडायचा आणि व्हिडिओ एडिटिंग करत बसायचं, ही माझी आवड. कुणाकडं शिकले नाही. डाविंची रिझॉल्व्हची फुकटातली आवृत्ती घेतली आणि करत करत हात बसवला. गावच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाचा व्हिडिओ हे त्यातलं पहिलं मोठं काम. माझ्या भाच्यानं त्या दिवशी समोरच्याला चितपट केलं होतं, त्यामुळं मी त्यात जीव ओतला होता.

नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि उत्तरं आली. 'छान.' 'गाणं बदल.' 'लई लांबलाय.' आणि एका काकांचं, 'नोकरी सोडून हे उद्योग कशाला?' हे शेवटचं मनाला फार लागलं. कितीतरी रात्री जागून केलेलं काम, आणि त्यावर हे. पुढं काही दिवस लॅपटॉपकडं बघावंसंसुद्धा वाटेना.

भाचा मात्र ऐकेना. म्हणाला, "आत्या, वस्तादांना दाखवू." तिन्हीसांजेला तालमीच्या कट्ट्यावर बसलो. जोर-बैठका उरकून, अंगाला कुस्तीच्या हौद्याची माती तशीच घेऊन पोरं मागं दाटीनं उभी राहिली. वस्ताद शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाले, "बाळ, मागं घे जरा. हां, थांबीव. हा तांबड्या लंगोटाचा मगाशी डाव्या अंगाला हुता. आता उजवीकडं कसा?"

मी पडद्याकडं बघतच राहिले. मैदानात दोन फोन होते, एक माझा आणि एक बरोब्बर समोरच्या बाजूला, भाच्याच्या मित्राचा. माझ्या फोनमध्ये जो पैलवान डावीकडं, तो त्याच्या फोनमध्ये उजवीकडं दिसणारच. एकाचं चित्र कापून लगेच दुसऱ्याचं जोडलं की बघणाऱ्याला दोघांनी जागा बदलल्यासारखं वाटतं. सिनेमावाले याला १८० अंशांचा नियम म्हणतात. समोरासमोरच्या दोघांमधून एक रेघ ओढलीय असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. वस्तादांनी हे नाव कधी ऐकलेलं नसणार, पण चूक नेमकी त्यांच्या डोळ्यांनी टिपली.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती. भाच्यानं एकेरी पट काढला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचा डाव टाकला, त्या क्षणी मी टाळ्या वाजवणारी माणसं दाखवली होती आणि मग थेट पाठ टेकलेला पैलवान. वस्ताद म्हणाले, "पट कसा लागला ते कुठाय? माणूस पडलेला समद्यास्नी दिसतो. पडला कसा ते दाव. खासबागेत कुठंबी बसलं तरी कुस्ती दिसती, ते उगंच न्हाई बांधलं." कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलं, तेच असं की मागच्या माणसालाही हौदा दिसावा. माझ्या व्हिडिओत पुढं बसलेल्यालाही डाव दिसत नव्हता.

त्या रात्री झोपेचा विचारच आला नाही. मूळ चित्रण काढून तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा पाहिला. भाचा आधी समोरच्याची मान खाली ओढतो. तो सावरायला पाय पुढं टाकतो आणि त्याच पायात पट बसतो. म्हणजे डाव मान ओढल्यापासूनच सुरू होतो! कापायची जागा त्याच्या आधीची. तिथपासून पाठ टेकेपर्यंत मी एकच चित्र सलग ठेवलं. दुसऱ्या फोनचं चित्र वापरायचं तिथं मध्ये हलगीवाल्याचे हात घातले. त्यामुळं बाजू बदललेली खटकेना. दोन्ही फोनचे आवाज जुळवायला शड्डू कामी आला. मांडीवरच्या त्या थापेचा आवाजाच्या पट्टीवर सुळक्यासारखा उंचवटा दिसतो, दोन्ही उंचवटे एकाखाली एक आणले की झालं. मग आवाज एकाच फोनचा सलग ठेवला, त्यामुळं हलगीचा ठेका कुठं तुटला नाही.

एका पोरानं संथ गतीतलं दृश्य अडखळतंय असंही सांगितलं होतं. चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं, म्हणजे ३० सुट्ट्या चित्रांचं. वेग निम्मा केला की सेकंदाला नव्या फ्रेम उरतात १५, मग ते अडखळणारच. ते काढून टाकलं. पुढच्या वेळी ६० वर चित्रण करायचं असं वहीत लिहिलं.

या वहीत आता फक्त जागा सांगणारी टीका जाते. कुठल्या क्षणी, काय खटकलं. काकांच्या वाक्यात व्हिडिओतला एकही क्षण नव्हता, म्हणून ते वहीत आलं नाही. त्याचा त्रास अजून होतो, नाही असं नाही. पण त्याच्यावर काम करता येत नाही आणि वस्तादांच्या बोलण्यावर रात्रभर करता आलं. हुरूप टिकतो तो त्यातूनच, असा माझा अनुभव आहे. 'छान' म्हणणाऱ्यांनी मला बरं वाटलं, पण पुन्हा कामाला बसवलं ते वस्तादांनी.

नवा व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला. पट लागला तेव्हा मागच्या पोरांनी एकदम आरोळी ठोकली. वस्ताद म्हणाले, "आता कुस्ती दिसली. पण सलामीला शड्डूचा आवाज हलगीखाली दबलाय." तेही लिहून घेतलं. शेजारच्या गावच्या मैदानात दोन्ही फोन हौद्याच्या एकाच बाजूला लावायचे ठरलेत, एक पूर्ण हौदा टिपायला आणि दुसरा जवळून.