मे महिन्यात लोकर मागायला जाऊ नका (माझा अनुभव)

बेळगावात मे महिन्यात लोकरीच्या दोन गुंड्या मागून बघा. दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग बाहेरच्या उन्हाकडे. फळीवर तोवर रेनकोट, छत्र्या आणि शाळेची दप्तरं लागलेली असतात. लोकर पोत्यात भरून माळ्यावर गेलेली असते. "दसऱ्यानंतर या अक्का, नवा माल येतो." पण विणायला वेळ मिळतो तो याच सुट्टीत! थंडीत सुरू केलेला स्वेटर पुढच्या थंडीला होतो, आणि मूल तोवर दोन बोटं वाढलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात विणायचं असेल तर सगळी लोकर फेब्रुवारीतच घरात आणून ठेवा. एक गुंडी जास्तीचीच.

मी विणायला घेतला होता दहा वर्षांच्या मुलाचा, पुढे-मागे वेण्या (टाके एकमेकांवरून नेऊन घातलेले पीळ) असलेला स्वेटर. छाती ७१ सेंमी, त्यात सैलपणाला ९, म्हणजे पाठ ४० सेंमी रुंद. ८ नंबरच्या (४ मिमी) सुईवर साध्या विणीत १० सेंमीला २२ टाके आणि २८ ओळी येत होत्या. ४० सेंमीला ८८ होतात. दोन सुलट-दोन उलट बॉर्डर दोन्ही कडांना सारखी यावी म्हणून ९० घातले. बॉर्डर १० नंबरच्या सुईवर. आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन नमुन्यात उलटं असतं. नमुना कुठला आहे ते बघूनच सुई उचला. बॉर्डर झाल्यावर वेण्यांसाठी १० टाके वाढवले, कारण वेणी कापड आत ओढते. टाके न वाढवता वेण्या घातल्या तर स्वेटर अंगाला आवळतो.

इथवर काही अडत नाही. अडतं ते लोकरीच्या हिशोबात. दुकानात सात गुंड्यांचा (५० ग्रॅमच्या) हिशोब सांगितला होता. तो साध्या विणीचा. वेण्यांना सहज पाव हिस्सा जास्त लोकर लागते, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. माझा हिशोब नऊचा होता. त्यावर उत्तर मिळालं, "आत्ता सातच आहेत, वरच्या दोन तुमच्या नावाने ठेवतो, सुट्टीत घेऊन जा."

हिशोब घरीही करता येतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, गुंडीचं वजन करा, दहा ओळी विणा, पुन्हा वजन करा. शंभर टाक्यांच्या वेणीच्या दहा ओळींना साधारण ९ ग्रॅम गेले, म्हणजे ५० ग्रॅमची गुंडी जेमतेम ५५ ओळी चालते, वीसेक सेंमी. पाठ संपली की तिचंही वजन लिहून ठेवा. पुढचा भाग त्याहून थोडा कमी खातो.

सुट्टीत गेलो तर "नावाने ठेवलेल्या" गुंड्या विकल्या गेल्या होत्या. माळ्यावरचं पोतं उतरवायला आधी कामाचा मुलगा नाही, मग शिडी नाही, मग लग्नसराई. शेवटी दोन गुंड्या मिळाल्या. शेड नंबर तोच, लॉट नंबर वेगळा. "नंबर एकच आहे, कलर एकच," असं ठासून सांगितलं गेलं. बिलावर मात्र शिक्का: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

नंबर एक म्हणजे रंग एक, हे खरं नाही. शेड नंबर म्हणजे ठरलेला रंग. लॉट नंबर म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेली लोकर. पाण्याचं तापमान, रंगाचं प्रमाण, लोकर किती वेळ बुडवली, यात जरा फरक पडला की पुढचा घाणा वेगळा उतरतो. माझा रंग मोरपंखी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुनी आणि नवी अशा दोन्ही गुंड्या सारख्याच दिसत होत्या, पायरीवर येऊन उन्हात धरल्या तेव्हा एक निळ्याकडे झुकलेली, दुसरी हिरव्याकडे. दुकानदाराने उन्हालाच दोष दिला!

पारख अशी करा: एका गुंडीचा धागा दुसऱ्या गुंडीवर आडवा ताणून धरा आणि दारात उजेडात बघा. धागा कुठे संपतो ते लगेच कळत असेल, तर कापडावर पट्टा दिसणार. विकत घेताना प्रत्येक गुंडीवरचा कागद बघा. एकाच पाकिटातून निघालेल्या गुंड्यांचाही लॉट एकच असेल असं समजू नका, पाकीट कधीकधी दुकानातच भरलेलं असतं. सुटी, वजनावर मिळणारी लोकर असेल तर कागदच नसतो. तिथे एकदम सगळी घेण्याला पर्याय नाही.

वेगळा लॉट गळ्यात पडलाच तर मार्ग आहेत, पण जुन्या लोकरीची निदान एक गुंडी हातात असतानाच ते सुरू करावे लागतात. पार संपल्यावर नवी जोडली की जोडाच्या जागी सरळ रेघ पडते, ती धुऊन जात नाही. दोन ओळी जुन्या, दोन नव्या अशा वीसेक ओळी विणा आणि मग पूर्ण नवीवर या. दोन-दोन ओळींमुळे धागा परत त्याच कडेला येतो, तोडावा लागत नाही. कडेने वर नेताना मात्र ढिला ठेवा, ताणला तर कड आकसते. गोल सुईवर विणत असाल तर एक-एक फेरी आलटूनपालटून चालते.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: फरकाची लोकर अशा जागी घाला जिथे वीणच बदलते. बॉर्डरवर उजेड वेगळा पडतो, म्हणून कंबर, मनगट आणि गळपट्टी वेगळ्या लॉटची असली तरी सहसा कळत नाही. पाठ-पुढा झाला असेल तर दोन्ही बाह्या आणि गळपट्टी नव्या लोकरीची करा, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. एक बाही जुनी आणि एक नवी, हे कदापि नाही. दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन गुंड्यांनी शेजारी शेजारी विणल्या की लांबीही सारखी येते आणि लोकरही समान वाटली जाते.

माझ्या बाह्यांचं पूर्ण काम आणि गळपट्टी नव्या लोकरीत बसणार नव्हतं, म्हणून बाह्यांना आलटूनपालटूनची रीत आणि मनगटं-गळा निव्वळ नव्याचा. सुरुवातीला टाके मोजायला विणलेला तुकडा उसवून त्याचेही आठ-दहा ग्रॅम परत मिळाले. उसवलेली लोकर वाकडी राहते; खुर्चीच्या पाठीला गुंडाळून चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा, सावलीत वाळू द्या. ॲक्रिलिक असेल तर वाफ किंवा इस्त्री अजिबात नको, त्याचा जीवच जातो आणि चमक येते.

प्रवासाचं राहिलंच. गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या वळणांवर किंवा जांबोटीच्या रस्त्यावर वेणी विणू नका. मोजणी चुकते आणि वेणीची छोटी सुई सीटखाली जाते. बसमध्ये टोपी, मोजे, नाहीतर साधी बाही. लोंढा जंक्शनला जाणाऱ्या रेल्वेत गोल सुई बरी, शेजाऱ्याला कोपर लागत नाही. निघण्याआधी भरतकामाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा, सुई निसटली तरी उसवणं तेवढ्यावरच थांबतं. ओळ अर्ध्यात सोडू नका, आठवडाभराने त्या जागी फट दिसते. गोव्याच्या किनाऱ्यावर पिशवी उघडायचीच नाही. रेती लोकरीतून निघत नाही.

घामट हाताला स्टीलची सुई चालते, बांबूची धागा धरून ठेवते. घरात फणस फोडला असेल त्या दिवशी विणकाम बंद! चीक हातावरून खोबरेल तेलाने निघतो, लोकरीवरून निघत नाही. आंबे खाल्ल्यावरही हात साबणानेच.

आणि धुण्याचं मेमध्येच उरका. जून लागला की आपल्याकडे काही वाळत नाही, ओला स्वेटर कुबट होतो. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, चटईवर सावलीत सपाट पसरा; दोरीवर टाकला तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. गुंडीचे कागद आणि बिल स्वेटरच्या पिशवीतच ठेवा, आणि बिलावर लॉट नंबर लिहून मागा. दुकानदार कुरकुरतो, पण लिहून देतो.