चाळीस आणि चारशे

परवा दुपारी वरळीला एक लाल फेरारी स्पीड ब्रेकर ओलांडत होती. ओलांडत कसली, पोट घासू नये म्हणून तिरपी होऊन एकेक चाक जपून वर चढवत होती. मागे बेस्टची बस हॉर्न वाजवत उभी.

आपल्याकडे फेरारी म्हटलं की आधी आठवते ती सचिनची. ३६० मोडेना. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटने दिलेली, तीही फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर शूमाकर याच्या हातून. मग २००३ मध्ये तिच्या कस्टम ड्यूटीवरून किती चर्चा झडल्या! अखेर ड्यूटीही फियाटनेच भरली. फियाट म्हणजे आमच्या अण्णाकाकांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं माहेर. फेरारीचा निम्मा हिस्सा १९६९ सालीच फियाटकडे आला होता, तेव्हा इटलीत मारानेल्लोच्या कारखान्यातली ती आणि आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही, लांबच्या का होईना, बहिणी. एकीच्या अंगात चाळीसेक घोडे, दुसरीच्या चारशे. टिळक ब्रिजवर संध्याकाळी दोघी एकाच चालीने जाणार, ते सोडा.

काकांच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगखाली दांडीला होता, त्यामुळे पुढे सलग सीट आणि काका-काकूंच्या मधली जागा माझी. त्रिकोणी काच फिरवली की वारा थेट तोंडावर. मे महिन्यात गावी जाताना खंबाटकीच्या पायथ्याशी काका न चुकता थांबत. बॉनेट वर. काकू पिशवीतून ओलं फडकं काढून देत, ते पेट्रोलच्या पंपाला गुंडाळायचं, उन्हात पेट्रोलची वाफ धरू नये म्हणून. तेवढ्यात झाडाखाली दशम्या आणि लसणाची चटणी. रेडिएटरचं झाकण मात्र काकांशिवाय कुणी उघडायचं नाही. इंजिन निवल्याची खात्री ते बॉनेटवर तळहात ठेवून करत, ताप बघावा तसा.

मोडेनाचं इंजिन मागे, काचेखाली. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. बघायला सुंदरच आहे, पण ज्या गाडीत मालकाला हात काळे करता येत नाहीत ती त्याची कशी, असं मला उगाचच वाटतं. (माझ्या आत्ताच्या गाडीत मी फक्त वायपरचं पाणी भरतो. चालायचंच.)

पद्मिनी बुक करून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत, आणि लागला की पेढे वाटत. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळीपिवळी पद्मिनीही रस्त्यावरून उतरली. आता कुणी नीट जपलेली एखादी विकायला काढली की मी फोटो मोठे करून करून बघतो, डॅशबोर्ड, दांडीचा गिअर, सगळं. बायको विचारते, घेणार आहेस का?

कुठे ठेवू? सोसायटीत पार्किंगला वेटिंग लिस्ट आहे.