अपूर्ण आकडा

दुकानाच्या बिलाचा छोटासा प्रोग्रॅम लिहायला घेतला की बेरीज-गुणाकाराला फार वेळ लागत नाही. वेळ खाते ती वजनाची रिकामी चौकट, कारण तिथे लिहिणारा माणूस ‘2.5’ लिहील, ‘2.5 किलो’ लिहील, किंवा काहीच न लिहिता एंटर दाबून मोकळा होईल.

यावर व्हिज्युअल बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काळापासून चालत आलेला उपाय म्हणजे प्रत्येक कळीचा आस्की क्रमांक, म्हणजे संगणकाने त्या अक्षराला दिलेला ठरावीक आकडा, पाहायचा आणि तो 48 ते 57 च्या, म्हणजे 0 ते 9 या अंकांच्या क्रमांकांच्या, बाहेर असला तर ते अक्षर उमटूच द्यायचे नाही. हा पहारा दिसतो कडक. पण बॅकस्पेसचा क्रमांक 8 असल्यामुळे नवशिक्या प्रोग्रॅमरच्या चौकटीत चुकलेला आकडा खोडता येत नाही, दशांशचिन्ह अडते, आणि माउसने पेस्ट केलेला मजकूर मात्र पहारेकऱ्याला न भेटताच आत जातो.

मला या पद्धतीत खटकते ती तिची घाई. वजा साडेबारा लिहू पाहणारा माणूस आधी नुसते वजाचे चिन्ह टंकतो, आणि त्या क्षणी चौकटीत जे असते ती संख्या नसते. 10 ते 99 एवढीच मुभा असलेल्या चौकटीत 45 लिहिणाऱ्याचा 4 हा पहिला अंक मर्यादेबाहेरच असतो. तेवढ्यात लाल अक्षरांत ओरडणाऱ्या प्रोग्रॅमला उद्धटच म्हणावे लागेल. प्रोग्रॅमच्या खिडक्या-चौकटी बनवण्याच्या क्यूटी या साधनसंचात तपासणीची उत्तरे तीन आहेत: अमान्य, मान्य आणि या दोहोंमधले, अजून पुरे न झालेले. हे तिसरे उत्तर ज्याला सुचले, त्याने माणसाला टंकताना नीट पाहिले असावे. विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या तशाच संचामध्ये चौकट सोडताना तपासणी करण्याची सोय आहे, आणि ती मला अधिक सभ्य वाटते. मात्र तिथेही चुकीचा आकडा असताना कर्सर रोखून धरला, तर ‘रद्द करा’ या बटणापर्यंतही पोहोचता येत नाही. त्या बटणाला तपासणीतून स्वतंत्रपणे सूट द्यावी लागते.

मराठी कळफलकावरून ‘१२’ लिहिणाऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा हे अंक निमूटपणे 12 म्हणून स्वीकारते. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेमध्ये ‘हा अंक आहे का’ असे एकेका अक्षराबद्दल विचारले तर होकार मिळतो, आणि तोच मजकूर पूर्णांकात बदलायला दिला की नकार येतो, म्हणजे पहिल्या तपासणीवर विसंबलेला प्रोग्रॅम पुढच्याच ओळीत कोसळतो.

तरीही कोसळणारा प्रोग्रॅम परवडला, कारण त्याची चूक निदान दिसते. दशांशचिन्ह आणि स्वल्पविराम यांच्या कळा शेजारीशेजारी असतात. घाईत कोणी ‘2,5’ लिहिले, तर संख्या लिहिण्याच्या इंग्रजी पद्धतीवर चालणारे डॉटनेट दशांश संख्या वाचताना स्वल्पविराम योग्य जागी आहे की नाही हे न पाहता त्याला वगळते, आणि अडीच किलो साखरेचे बिल पंचवीस किलोंचे होते. म्हणून वजनाच्या चौकटीत स्वल्पविराम चालणार नाही, हे संख्या वाचणाऱ्या सूचनेतच सांगून ठेवावे. रकमेच्या चौकटीत मात्र ‘1,25,000’ लिहिणाऱ्याला अडवण्याचे काहीच कारण नाही.